कातीव आणि कातारी : खानदेशात लाकूडकामाच्या पहिल्या लेथयंत्राची निवड

मराठीत 'कातणे' या एकाच क्रियापदावर दोन कसबांचा हक्क आहे : चातीवर पेळूतून सूत काढणे हे कातणे, आणि फिरत्या लाकडावर पटाशी टेकवून त्याला गोलाई देणे हेही कातणेच. यांपैकी पहिले कसब खानदेशाला, म्हणजे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी होऊन ज्या मुलखाचे पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये ज्यातून नंदुरबार वेगळा निघाला त्या मुलखाला, कापसामुळे आणि अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्यांमुळे चांगले परिचित आहे. दुसरे मात्र भाषेत जितके ठळक राहिले तितके व्यवहारात राहिलेले नाही. लाकूड कातणाऱ्याला 'कातारी' म्हणतात हे आता पुष्कळांना आडनावापुरतेच ठाऊक असते, आणि 'कातीव' हे विशेषण रेखीव चेहऱ्याला सर्रास लावणाऱ्याला ते मुळात फिरवून उतरवलेल्या वस्तूचे आहे याचे भान क्वचित असते. गिरणीतील लाकडी बॉबिन ही एकच वस्तू अशी, की जिच्यात ही दोन्ही कातणी एकत्र येतात, कारण तिच्यावर गुंडाळलेले सूतही कातलेले आणि ती स्वतःही कातलेली.

जळगावच्या किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आज 'लेथ' हा शब्द उच्चारला, तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे धातू कातण्याचे यंत्र उभे राहते. पंपाचे शाफ्ट, जिनिंगच्या यंत्रांचे रूळ, ट्रॅक्टरचे सुटे भाग ही ज्या वर्कशॉपांची रोजची कामे, तिथे लेथ म्हणजे लोखंडाचाच, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून 'टर्नर' होऊन बाहेर पडणारा तरुणही लोखंडाचाच टर्नर असतो. त्यामुळे लाकूडकामासाठी यंत्र शोधणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो, की एखादा जुना धातूचा लेथ स्वस्तात घ्यावा, तो दणकट असतो, लाकूड तर त्यापुढे लोण्यासारखे. हा सल्ला सद्भावनेचा असला तरी चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहताना लाकडाच्या लेथचे स्वरूप आपोआप उलगडत जाते. मऊ पोलाद साध्या हायस्पीड हत्याराने कातताना पृष्ठभागाचा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर ठेवतात; ३०० मिलिमीटर व्यासाचा लाकडी वाडगा मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या काठाचा वेग मिनिटाला ५६० मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ वीसपट. शिवाय धातूच्या लेथवर हत्यार सरकत्या पेटीत घट्ट आवळलेले असते आणि चाक फिरवून ते पुढे-मागे नेतात, तर लाकडाच्या लेथवर हत्यार कारागिराच्या हातात मोकळे असते, त्याला आधार फक्त एका आडव्या टेकूचा. सरकती पेटी हाताच्या या मोकळ्या हालचालीच्या आड येते, तिच्या खाचांत साचलेले तेल लाकडात मुरते, आणि ओल्या बाभळीचा टॅनिनयुक्त रस लोखंडी बेडवर पडला की काही तासांत काळेनिळे डाग उमटतात. लाकडाच्या लेथच्या बेडवरही ते उमटतात, पण तो पुसून मेण लावता येण्याइतका सपाट आणि उघडा असतो.

तेव्हा लाकडाच्या लेथची अंगे प्रथम ओळखून घेणे इष्ट. डाव्या टोकाला, फिरता दांडा पोटात धरणारी जी पेटी असते तिला हेडस्टॉक म्हणतात आणि त्या दांड्याला स्पिंडल. उजव्या टोकाला मागेपुढे सरकणारा, लाकडाचे दुसरे टोक दाबून धरणारा ठोकळा तो टेलस्टॉक. या दोहोंना एका रेषेत ठेवणारे दोन समांतर रूळ किंवा ओतीव पाट तो बेड. आणि हत्यार ज्यावर टेकवायचे तो आडवा टेकू, म्हणजे टूल-रेस्ट, ज्या सरकत्या पायावर बसतो त्याला कारखान्यात बॅंजो म्हणतात. यंत्राचे माप दोन आकड्यांत सांगितले जाते. बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतच्या अंतराची दुप्पट, म्हणजे यंत्रावर मावणाऱ्या गोलाचा सर्वांत मोठा व्यास, याला स्विंग म्हणतात, आणि हेडस्टॉक व टेलस्टॉक यांच्या टोकांमधील सर्वांत मोठ्या अंतराला सेंटर-अंतर. लहान, टेबलावर ठेवण्याच्या यंत्रांचा स्विंग २५० मिलिमीटरच्या आसपास आणि सेंटर-अंतर ४०० ते ४५० असते. मध्यम यंत्रे ३०० ते ३५० मिलिमीटरची. आणि पूर्ण आकाराची यंत्रे ४०० ते ५०० मिलिमीटर स्विंगची व सुमारे एक मीटर सेंटर-अंतराची.

हे यंत्र मुळात फार साधे होते. इजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या एका चित्रात, एक माणूस पट्टा ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो असे दिसते, आणि भारतातील पारंपरिक कातारीही कमानीची दोरी किंवा जोडीदाराने ओढलेला पट्टा यांवरच काम करीत आला. या पद्धतीत लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरते, त्यामुळे हत्यार निम्म्याच वेळेला कापते आणि उरलेल्या वेळेला नुसते मागे घ्यावे लागते. तरीही या यंत्रावर जे काम झाले ते आजच्या विजेच्या यंत्रावर काम करणाऱ्यालाही विनम्र करणारे आहे. खानदेशाच्या पश्चिमेला, गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यातील संखेडा गावातील खरादी-सुतारांचे लाखेचे झोपाळे आणि खुर्च्या, आणि महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला सावंतवाडीच्या चिताऱ्यांची पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी व फळे ही याची दोन जवळची उदाहरणे होत. कातलेल्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. या युक्तीला निराळा रंगारी लागत नाही, निराळी भट्टीही लागत नाही; लागतो तो फक्त सम वेगाने फिरणारा लेथ. यंत्राच्या गतीवरील ताबा ही अलीकडच्या काळातील चैन नसून कसबाची जुनी गरज आहे, हे ध्यानात यावे म्हणून हा उल्लेख.

पहिले गंभीर यंत्र घेणाऱ्याची बहुतेक चूक यंत्राकडे पाहण्यापूर्वीच झालेली असते, कारण काय कातायचे हे ठरवण्याआधी तो किती अश्वशक्तीचे घ्यायचे हे विचारतो. लाकूड कातण्याचे दोन भिन्न प्रकार आहेत. पहिल्यात लाकडाचे रेशे यंत्राच्या अक्षाला समांतर असतात आणि वस्तू दोन टोकांमध्ये धरलेली असते : लाटणे, ताक घुसळण्याची रवी, खाटेचे आणि पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, भोवरा, कानबाई या खानदेशी देवीची स्थापना ज्यावर करतात त्या चौरंगाचे पाय. दुसऱ्यात रेशे अक्षाला आडवे असतात आणि वस्तू फक्त हेडस्टॉकच्या बाजूने धरून तिचे पोट कोरायचे असते : वाडगे, परडी, डबे, आणि खानदेशी स्वयंपाकघरातील सर्वांत मोठा लाकडी घेर, तो म्हणजे पीठ मळण्याची काठवट. लाटणे आणि काठवट यांच्यातील भेद हाच यंत्राच्या निवडीचा मूळ भेद आहे. (खापरावरचे मांडे हातावरच पसरवणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या मुलखात लाटण्यापेक्षा काठवटीचा मान अधिक असणे स्वाभाविक आहे.) लाटण्याला ४०० मिलिमीटरचे सेंटर-अंतर पुरते आणि स्विंग कितीही चालतो, खाटेच्या पायाला ५०० च्या आसपास, टेबलाच्या पायाला ७५० च्या वर. उलट, ४५० मिलिमीटर व्यासाच्या काठवटीला लांबी जवळजवळ लागतच नाही, पण बेडपासून स्पिंडलपर्यंत किमान २२५ मिलिमीटरची उंची लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच, कारण बॅंजोचा पाया काठवटीखालून सरकला पाहिजे. ज्या यंत्रांचे हेडस्टॉक बेडवर सरकते किंवा वळवता येते, अशांवर मोठा घेर बेडच्या बाहेर घेऊन कातता येतो. इतर यंत्रांवर घेरासाठी अशी पळवाट नाही, लांबी मात्र बेडचा जोडतुकडा घेऊन वाढवता येते. म्हणून घर थोडे वाढवता येईल पण चौक वाढवता येणार नाही या न्यायाने, शंका असल्यास स्विंग मोठा आणि बेड आखूड असे यंत्र घेणे शहाणपणाचे.

लाकडाचा प्रश्न याला जोडूनच येतो, आणि इथे खानदेशाची बाजू इतर मुलखांहून वेगळी आहे. परदेशी पुस्तकांतील सल्ला बहुधा मॅपल, ॲश, बीच अशा मध्यम कठीण लाकडांसाठी लिहिलेला असतो. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आणि खालच्या काळ्या मातीच्या बांधांवर जे मिळते ते निराळे : सागवान, बाभूळ, कडुनिंब, चिंच, बोर, आंबा, धावडा, शिसव, हेद आणि अंजन. सागवान कातायला सोपे वाटते, पण त्यातील सिलिका हत्याराची धार झपाट्याने खाते. हेदाचे पिवळसर, बारीक पोताचे लाकूड कातकामासाठीच जणू जन्मलेले, आणि बॉबिनसाठी त्याचा वापर होत असे तो याच कारणाने. धावडा हा गाडीच्या कण्याचा आणि कुऱ्हाडीच्या दांड्याचा, बाभूळ चाकाच्या तुंब्याची, म्हणजे ज्यात आरे बसतात त्या मधल्या लाकडी गड्ड्याची. दोन्ही चिवट, आणि बाभूळ सुकल्यावर अशी, की बोथट पटाशीला जुमानत नाही. अंजन तर भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक, इतके की पुरत्या सुकलेल्या त्याच्या गाभ्याचा तुकडा पाण्यात बुडतो. शिसवीचा भुसा कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधतो, हे तिच्या सौंदर्याबरोबर सांगून ठेवले पाहिजे. झाड बांधावरचे असले तरी तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ आणि वनविभागाचा वाहतूक परवाना यांची चौकशी करावी. सागवान व खैर यांच्या बाबतीत तर ती न करणे महागात पडते.

लाकडाइतकीच हवाही इथे कठीण आहे. जळगाव आणि भुसावळ यांचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क होते, आणि पावसाळ्यात तीच हवा ओलसर होते. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही. पण रुंदीत आटते, आणि वर्षवलयांच्या दिशेने ते केंद्राच्या दिशेपेक्षा सुमारे दुपटीने आटत असल्यामुळे गोल कातलेला ओला वाडगा सुकल्यावर लंबगोल होतो किंवा फाटतो. श्रावणात तोडलेल्या फांदीचा वाडगा वैशाखाची वाट पाहत नाही, चैत्रातच फाटतो. यावरील सर्वमान्य तोड अशी, की ओले लाकूड प्रथम जाड कातावे, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवावी, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या वाडग्याला ३० मिलिमीटर, मग टोकांच्या छिद्राळ रेशांवर मेण चढवून तो काही महिने सावकाश सुकू द्यावा आणि वाकडातिकडा झाल्यावर पुन्हा लेथवर चढवून अखेरचा कातावा. खानदेशच्या कोरड्या उन्हात या सावकाशपणाची जास्तच काळजी घ्यावी लागते. वाडगा त्याच्याच ओल्या भुशात, गोणपाटात गुंडाळून, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवणे उत्तम. यंत्राच्या निवडीशी याचा संबंध असा, की दोनदा कातणे म्हणजे वाकडी, असमतोल वस्तू दोनदा फिरवणे, आणि असमतोल वस्तू फिरवण्याची ताकद हीच यंत्राची खरी परीक्षा.

ही परीक्षा आकड्यांत मांडता येते. समजा, ४५० मिलिमीटर व्यासाचा ओला बाभळीचा गोल ठोकळा यंत्रावर चढवला आहे आणि त्याच्या काठाशी एका बाजूला केवळ १०० ग्रॅम वजन जास्त आहे. मिनिटाला ४०० फेऱ्यांना ते १०० ग्रॅम सुमारे ४ किलो वजनाइतक्या जोराने यंत्राला ओढते, आणि हा ओढा सेकंदाला जवळजवळ सातदा दिशा बदलत राहतो. फेऱ्या दुप्पट केल्या की तो ओढा चौपट, म्हणजे १६ किलो होतो. असा ठोकळा स्वतः पंधरा-वीस किलोंचा असतो आणि त्यातील असमतोल १०० ग्रॅमवर थांबत नाही. हलक्या नळीच्या बेडचे आणि पत्र्याच्या स्टँडचे यंत्र अशा वेळी जमिनीवर चालू लागते, ओतीव बिडाचे यंत्र जागेवर उभे राहते. यामुळे पहिल्या यंत्राच्या निवडीत अश्वशक्तीपेक्षा वजनाला, आणि वजनाइतकाच स्पिंडलच्या बेअरिंगना, अग्रक्रम द्यावा असे या विवेचनाचे मत आहे. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या ठेवून वजन वाढवता येते. बेडचा बारीकपणा मात्र वाळूने भरून निघत नाही.

वेगाचा विचार इथेच येतो. कातकाम करणाऱ्यांमध्ये प्रचलित ठोकताळा असा, की इंचांतील व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या हा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा. मिलिमीटरमध्ये तोच आकडा साधारण दीड लाख ते सव्वादोन लाख होतो. यानुसार बारा इंची वाडग्याला ५०० ते ७५० फेऱ्या, आणि अठरा इंची काठवटीला जेमतेम ३३० ते ५००. असमतोल असेपर्यंत त्याहूनही पुष्कळ कमी. बाजारातील कित्येक लहान यंत्रांचा सर्वांत कमी वेगच ५०० फेऱ्यांचा असतो, तेव्हा मोठ्या घेराचे काम त्यांच्यावर करणे धोक्याचे. उलट लाटण्यासारख्या बारीक वस्तूला हा हिशेब चार-पाच हजार फेऱ्या सांगतो, तो मानू नये. अडीच-तीन हजार भरपूर होतात. ज्याचा किमान वेग शंभराच्या आसपास उतरतो, असे यंत्र जास्त पैसे देऊनही घेण्यासारखे आहे.

वेग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील भेद विक्रेता बहुधा सांगत नाही. पहिला जुना : वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्या असलेली पुली, जिच्यावर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवायचा. दुसरा इलेक्ट्रॉनिक : व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारिता बदलून मोटरचा वेग बदलणारा नियंत्रक. पुलीने वेग निम्मा केला, तर फिरवण्याचा जोर दुप्पट होतो. व्हीएफडीने वेग निम्मा केला, तर जोर तेवढाच राहतो आणि मोटरची शक्ती निम्मी होते, म्हणजे एक अश्वशक्तीची मोटर अर्ध्याची होते, आणि नेमके मोठा वाडगा कोरताना, हत्यार खोल बसले की, यंत्र थबकते. म्हणून दोन किंवा तीन पायऱ्यांची पुली आणि व्हीएफडी हे दोन्ही असलेले यंत्र घ्यावे. मोठे काम पुलीच्या खालच्या पायरीवर आणि वेगाची बारीक जुळणी व्हीएफडीवर. व्हीएफडीचा आणखी एक फायदा खेड्यात विशेष जाणवतो : घरात एकफेजी २३० व्होल्टची वीज असली, तरी योग्य व्हीएफडी त्यावर लहान त्रिफेजी मोटर चालवू शकतो, मात्र ती मोटर २३० व्होल्टवर चालेल अशी जोडलेली असली पाहिजे. एक किंवा दीड अश्वशक्ती घरच्या कामाला पुरेशी. उष्णतेचा प्रश्न मात्र उरतो. मोटरचे आंतरराष्ट्रीय मानांकन सामान्यतः ४० अंशांच्या परिसरासाठी दिलेले असते, आणि पुष्कळ व्हीएफडींचेही तसेच. जळगावच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हा आकडा केव्हाच ओलांडलेला असतो, शिवाय कमी वेगाला मोटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो आणि भुसा त्याच्या जाळीत अडकतो. वैशाखातील जड काम पहाटे उरकावे हा शेतकऱ्याचा शिरस्ता मोटरलाही लागू आहे.

आता दांड्याच्या टोकाविषयी, जे कोणी पाहत नाही आणि ज्यामुळे नंतर सर्वाधिक पैसे वाया जातात. स्पिंडलच्या बाहेर आटे असतात, ज्यांवर चक, म्हणजे लाकूड जबड्यांत पकडणारे साधन, किंवा फेसप्लेट, म्हणजे ठोकळा स्क्रूंनी जोडण्याची चकती, फिरवून बसवतात, आणि आत निमुळते छिद्र असते, ज्यात लाकडाला दात रोवून फिरवणारा ड्राइव्ह-सेंटर बसतो. या निमुळत्या मापाला मोर्स टेपर म्हणतात, एकोणिसाव्या शतकात ड्रिल बनवणाऱ्या स्टीफन मोर्स या अमेरिकनावरून. लहान यंत्रांवर एक क्रमांकाचा आणि बाकी बहुतेकांवर दोन क्रमांकाचा असतो, ज्याचा रुंद भाग १७.७८ मिलिमीटरचा. आट्यांची प्रचलित मापे तीन : मध्यम यंत्रांवर एक इंच, इंचाला आठ आटे, युरोपीय मोठ्या यंत्रांवर ३३ मिलिमीटर, साडेतीन मिलिमीटर पिचचे, अमेरिकन मोठ्यांवर सव्वा इंच, इंचाला आठ. राजकोट, बटाला किंवा लुधियाना इथल्या काही देशी यंत्रांवर यांपैकी कोणतेच माप नसते; ते यंत्र इतर बाबतींत कितीही चांगले असले तरी त्यावर बाजारातील चक बसत नाही. इथे खानदेशच्या औद्योगिक वसाहतींतील धातूचे टर्नर प्रथमच खऱ्या उपयोगाला येतात : प्रमाणित आट्याचा जोडतुकडा, जाड पोलादी फेसप्लेट, वाकड्या टूल-रेस्टच्या जागी सरळ रेस्ट, या गोष्टी ते अर्ध्या दिवसात उतरवून देतात, आणि त्यांच्यासमोर मापाचा कागद ठेवला तर नेटकेपणाने देतात. यंत्र परगावाहून मागवायचे असले, तर सुरत-नवापूर मार्गाने राजकोटचे आणि आग्रा रोडने इंदूरकडचे यंत्र धुळ्यापर्यंत सहज येते. पण दोनशे-अडीचशे किलोंचा बिडाचा तुकडा ट्रकवरून उतरवायला चार माणसे आणि लोखंडी पहार लागते, याची तजवीज आधी असावी.

पहिल्या यंत्राच्या खरेदीत ठेवलेल्या रकमेचा निम्मा भाग यंत्राला आणि निम्मा साधनांना, असे धरून चालावे. साधनांत पहिले चारजबडी स्वयंकेंद्री चक, म्हणजे ज्याचे चारही जबडे एकाच किल्लीने एकदम आत-बाहेर सरकतात. धातूच्या लेथचा तीनजबडी चक स्वस्तात मिळतो, पण त्याचे जबडे अरुंद असल्यामुळे लाकडात रुततात आणि बाहेर आलेली त्यांची टोके बोटांना शोधत फिरतात. लाकडाच्या चकचे जबडे एका विशिष्ट व्यासालाच पुरते गोल होतात, जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत. म्हणून वाडग्याच्या बुडाला ठेवलेला दांडा, ज्याला चक पकडतो, त्या व्यासाच्या जवळपासचा असावा. लांब कामासाठी टेलस्टॉकमध्ये बेअरिंगवर फिरणारा लाइव्ह-सेंटर, आणि ओबडधोबड ठोकळ्यासाठी फेसप्लेट. हत्यारांत एक जाड गोल पटाशी ओबड काम उतरवायला, एक बारीक गोल पटाशी, वाडग्यासाठी खोल खोबणीचा बोल-गाऊज, तिरपी पटाशी, कापून वेगळे करण्याची पातळ पटाशी आणि एक स्क्रेपर, इतकी सहा पुरतात. बारा-बारा हत्यारांचे चकचकीत संच टाळावेत. हत्यारे एचएसएसची, म्हणजे टंगस्टन, मोलिब्डेनम वगैरे मिसळलेल्या हायस्पीड स्टीलची असावीत, कारण साध्या कार्बन पोलादाची धार ग्राइंडरवर थोडी निळी पडली की मऊ होते, तर एचएसएस सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा टिकवते. आणि बाभूळ किंवा अंजन कातणाऱ्याने ग्राइंडरला चैन समजू नये. सुकलेल्या बाभळीच्या एका वाडग्यात पटाशी तीन-चारदा ग्राइंडरवर जाते. मिनिटाला २,८५० फेऱ्यांचा साधा ग्राइंडर चालतो, १,४४० चा अधिक सोयीचा. दोन्हींवर करड्या खड्यांऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे खडे बसवावेत, आणि धारेचा कोन दरवेळी तोच राहावा म्हणून एक साधा जिग, म्हणजे हत्यार ठराविक कोनात धरणारा आधार, असावा.

जुने यंत्र घेताना रंगापेक्षा हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांची टोके पाहावीत : दोन्हींत टोकदार सेंटर बसवून ती एकमेकांना भिडवली, तर टोकाला टोक लागले पाहिजे. डायल-गेज असलेला एखादा धातूचा टर्नर बरोबर नेला, तर स्पिंडलची डगमग दोन मिनिटांत आकड्यात दिसते. तो नसेल तर स्पिंडलवर एक हातभर दांडा बसवून वर-खाली रेटावा आणि बेअरिंगमधील ढिलाई हाताला जाणवते का ते पाहावे. यंत्र जुने असो वा नवे, भुशाच्या बाबतीत हयगय नको. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, तेव्हा घासकाम करताना चांगला मास्क, वाडगे कातताना पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, आणि अंगावर मोकळे उपरणे, ओढणी किंवा हातमोजे नाहीत.

राहता राहिली उभे राहण्याची उंची. पारंपरिक कातारी जमिनीवर बसून काम करी, आणि हत्यार स्थिर धरण्यासाठी त्याचे पाय हाताइतकेच कामी येत. उभे राहून काम करण्याच्या यंत्रात स्पिंडलचा मध्य कामगाराच्या कोपराच्या उंचीला यावा असा नियम आहे, आणि बाहेरून आलेली स्टँड बहुधा उंच माणसांच्या मापाची असल्यामुळे ती इथल्या सुताराला, आणि त्याहूनही त्याच्या घरातील स्त्रियांना, खांद्यापर्यंत येते. अशा वेळी स्टँडचे पाय कापण्याऐवजी कामगाराच्या पायांखाली सागवानी फळ्यांची चौकट ठेवावी. ती भुशावर घसरू नये म्हणून तिच्या खाली रबराच्या पट्ट्या ठोकाव्यात, आणि ती उचलून बाजूला ठेवता येण्याइतकी हलकी असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर दुसरे कोणी उभे राहणार असते.